दीड फुटाखालचं घर

पिल्लू घरात आलं की घराचे आपोआप दोन भाग पडतात. जमिनीपासून दीड फुटापर्यंतचा एक आणि त्याच्या वरचा दुसरा. वरच्या भागाचे मालक आपण. खालच्या भागात आपण काय काय मांडून ठेवलंय याचा हिशेब मात्र तोवर कोणी केलेला नसतो. मराठी घरात तर जमीन ही वावरायचीच जागा. पाट जमिनीवर, सतरंजी जमिनीवर, दुपारी अंग टाकायची गादी जमिनीवर. विळी, सूप, केरसुणी, पायपुसणं, उंबऱ्यापाशी चपलांची रांग, जिन्याखाली रद्दीचा गठ्ठा, टेबलाखाली लोंबणारी चार्जरची वायर आणि सासूबाई संध्याकाळी ज्या आरामखुर्चीत बसतात तिचे सागवानी पाय. हे सगळं दातांच्या टप्प्यात आहे, हे आम्हाला सुपारीनं दाखवलं.

सुपारी म्हणजे आमच्या गल्लीतल्या रसवंतीच्या मागे जन्मलेल्या गावठी पिल्लांपैकी एक. त्यांच्या आईला गाडीनं उडवलं आणि माझी भाची हिला ओढणीत गुंडाळून घेऊन आली. रंग सुपारीचा, म्हणून नाव सुपारी. नाव ठेवताना पुढे चघळण्याचा धडाका ही लावणार आहे असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सुरुवात केरसुणीपासून झाली. लक्ष्मीपूजनाला शिंदीच्या पानांची नवी कोरी केरसुणी लक्ष्मी म्हणून पाटावर ठेवायची, तिला हळदकुंकू वाहायचं, ही आमच्याकडची रीत. पूजा झाली. बाहेर फटाके सुरू झाले, पिल्लू घाबरेल म्हणून आम्ही सगळे खिडक्या लावायला धावलो. परत येऊन बघतो तर पिल्लू अजिबात घाबरलेलं नाही, आणि निम्मी लक्ष्मी हॉलभर पसरलेली. हळदीनं पिवळं झालेलं एक नाक तेवढं पाटामागून दिसत होतं. “लक्ष्मी खाल्ली गं या अवदसेनं!” असं म्हणून सासूबाई आधी कपाळावर हात मारून बसल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यानंतर यादी वाढत गेली. चष्म्याची काडी, रिमोटची दोन बटणं, भाचीच्या भूमितीच्या वहीचा कोपरा, आरामखुर्चीचा मागचा डावा पाय. उजव्या पायाला तिनं कधीच तोंड लावलं नाही. का, ते तिलाच ठाऊक.

पिल्लाच्या तोंडात या काळात काय चाललेलं असतं ते पाहिलं की राग निम्मा उतरतो. तीनेक आठवड्यांचं असताना दुधाचे दात यायला लागतात आणि दोन महिन्यांचं होईपर्यंत ते २८ होतात. सुईच्या टोकाचे. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात, आधी पुढचे पटाशीचे, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. म्हणजे माणसाच्या पोराचं जे काम सहा-सात वर्षं निवांत चालतं, ते इथं तीन महिन्यांत उरकायचं असतं. हिरड्या शिवशिवतात, सुजतात, चावलेल्या चिंधीवर रक्ताचा ठिपका दिसतो. अशा वेळी समोर टणक-मऊ, थोडी दाबली जाणारी कुठलीही वस्तू आली तरी पिल्लाच्या दृष्टीनं ती औषध.

पडलेले दात बहुतेक वेळा पिल्लू गिळून टाकतं, त्यामुळे ते सापडत नाहीत. आम्हाला एक सापडला, सतरंजीच्या झालरीत, तांदळाच्या कणीएवढा. भाचीनं तो हट्टानं गच्चीवरून कौलावर टाकला. तिचे स्वतःचे दात तिच्या आजीनं असेच टाकले होते. नवा दात चांगला येऊ दे, हे मागणं नेमकं कोणाकडे करायचं असतं ते तिला आठवेना, म्हणून तिनं नुसतेच हात जोडले.

आता चपलांबद्दल. घरात रबरी स्लिपर होत्या, भाचीचे कॅनव्हासचे बूट होते, पण सुपारीनं निवडली ती माझ्या नवऱ्याची कापशी कोल्हापुरी. ‘तुमच्यावर जीव आहे हो तिचा, तुमचा वास येतो ना चपलेला,’ असं पाहुणे म्हणायचे. वासाची गोष्ट खरीच आहे. पायाचा घाम, अंगाचं तेल जिथं जास्त मुरतं तिथं कुत्र्याचं नाक आधी जातं. चष्म्याची काडी आणि रिमोटसुद्धा त्याच न्यायानं. पण प्रेमाचा भाग आपण आपल्या समाधानासाठी जोडतो, असं माझं मत. कोल्हापुरी म्हणजे काय, ते तरी बघा. म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, कातड्याच्याच वादीनं शिवलेलं, वर तेल पाजून मऊ केलेलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं तशाच चपला मंचावर आणल्या आणि इकडे गदारोळ झाला. कातडं चांगलं आहे हे सुपारीला कळायला मिलानपर्यंत जावं लागलं नाही.

आणि गंमत अशी, की पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलं तर गाठ मारलेलं वाळकं कातडं कुत्र्यानं चघळायचा खाऊ म्हणून पाकिटातून विकायला असतं. जनावर तेच, कातडंही तेच. एक विकत आणून कौतुकानं तोंडात द्यायचं आणि दुसरं तोंडात घेतलं की ओरडायचं. या दोहोंतला फरक फक्त आपल्या डोक्यात आहे. हे माझं, ते तुझं, हे नव्वद रुपयांचं, ते दोन हजारांचं. पिल्लाच्या जगात किंमत नाही, मालकी नाही, चप्पल हा प्रकारच नाही. म्हणून जुनी फाटकी चप्पल ‘घे, ही तुझी’ म्हणून त्याला देऊ नये. ती फाटकी आहे हेही आपल्यालाच दिसतं. त्याला एवढंच समजतं की या घरात चपला खायच्या असतात.

पिल्लू चावतं आहे असं कळलं की अख्खी गल्ली वैद्य होते. भिंतीपलीकडच्या काकूंचा उपाय तयार होता. “अगं, आपली चटणी चोळ की पायताणाला. पुन्हा बघणार पण नाही.” आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, वर्षाचा, बरणीत दाबून भरलेला. हे मी सुपारीच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते लिहिता लिहिता थांबले. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि वाळवलेली पूड तर ओल्या कांद्यापेक्षा जास्त घातक, कारण चिमटीत अर्क जास्त. तिखटानं डोळे-नाक जळतं ते वेगळंच. चप्पल वाचवताना पिल्लू गेलं असतं. कोणी कडुनिंबाचं तेल सांगितलं, कोणी कोरफड, कोणी कारल्याचा रस. कारल्याचा रस खुर्चीच्या पायाला लावून पाहिला. सुपारीनं तो चाटून पाय स्वच्छ करून दिला.

बाजारात यासाठी कडू फवारेही मिळतात. त्यांतल्या काहींत डिनॅटोनियम असतं. स्कॉटलंडमध्ये १९५८ मध्ये काही रसायनज्ञ शरीराचा भाग बधिर करणाऱ्या औषधावर काम करत होते, तेव्हा त्यांच्या हाती हा पदार्थ लागला. जगातल्या सर्वांत कडू पदार्थांत तो गणला जातो. काही पिल्लांवर तो चालतो, काहींवर नाही. कुत्र्याच्या जिभेवर चव कळण्याची यंत्रणा आपल्यापेक्षा बरीच तोकडी असते. शिवाय कडू काय आहे ते फवारा सांगतो, चघळायचं काय ते सांगत नाही. हिरड्या शिवशिवायच्या थांबत नाहीत. डावा पाय कडू लागला तर पिल्लू टेबलाचा पाय शोधणार.

‘नाही’ या शब्दाची हीच अडचण आहे. दिवसभरात आम्ही तो इतक्यांदा म्हणायचो की सुपारी त्याला स्वतःचं दुसरं नाव समजत असावी. कशाला नाही, ते तिला कसं कळणार? चप्पल ओढायला नाही, की दारापाशी बसायला नाही, की आत्ता शेपूट हलवायला नाही?

मारण्याचा सल्लाही मिळाला. तो देणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं असं, की कुत्र्याला मालक कोण हे दाखवून द्यावं लागतं, ते लांडग्याच्या जातीचं, कळपाचा म्होरक्या होऊ बघतं. हे मत अजून बऱ्याच ठिकाणी छातीठोकपणे सांगितलं जातं. त्याचं मूळ बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकानं त्याला हातभार लावला. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर याच अभ्यासकानं १९९९ मध्ये लिहिलं, की मोकळ्या लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरकेपणासाठी मारामारी करणारी टोळी नव्हे. चार महिन्यांच्या पिल्लाला घराची सत्ता नको असते. त्याला चष्म्याची काडी हवी असते.

मग ‘चूक त्याला कळते हो, बघा कसं तोंड करून बसलंय’ हा युक्तिवाद. कान मागे, मान खाली, नजर चोरलेली. हे तोंड मीही पाहिलंय आणि त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं ‘खायचं नाही’ असं बजावून खाऊ समोर ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगायचं, कुत्र्यानं खाल्लं किंवा नाही खाल्लं. कधी खरं, कधी खोटं. अपराधी चेहरा खाण्याशी जुळला नाही, मालकाच्या रागावण्याशी जुळला. काही न खाता बोलणी खाल्लेली कुत्री तर जास्तच ओशाळलेली दिसली. म्हणजे तो चेहरा केलेल्या कृत्याचा नसतो, आपल्या चेहऱ्याला दिलेला असतो. तासाभरानं घरी येऊन फाटकी वही त्याच्या नाकापुढे नाचवली तर त्याला एवढंच कळतं, की ही माणसं दारातून आत आली की कधीकधी भयंकर होतात.

यावर तोडगा मला नामदेवांच्या गोष्टीत दिसला, आणि हे मी गमतीनं सांगत नाही. कुत्रं पोळी घेऊन पळतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. लहानपणी ही गोष्ट भूतदयेची म्हणून ऐकली होती. आता तिच्यात एक अगदी व्यवहाराची बाब दिसते. पिल्लानं मोजा उचलला की आपण काय करतो? आरडाओरडा करत रिकाम्या हातानं मागे धावतो. पिल्लाला वाटतं, खेळ सुरू झाला. अख्खं घर पाठलाग करतंय याहून मजेचं दुसरं काय? पकडलं तर जबडा उचकटून मोजा काढून घेतो. दोन-चारदा असं झालं की ते पलंगाखाली जाऊन खायला शिकतं, किंवा पटकन गिळायला. दोन्ही वाईट. नामदेवांच्या हातात तूप होतं. त्यांना काही काढून घ्यायचं नव्हतं, द्यायचं होतं.

आम्ही तुपाऐवजी उकडलेल्या चिकनचे तुकडे घेतले. सासूबाईंनी त्याला पनीरचा पर्याय काढला, आणि चिकनचा डबा त्यांच्या फ्रीजच्या कप्प्यापासून लांब ठेवायच्या अटीवर आम्हाला परवानगी मिळाली. मोजा तोंडात दिसला की न ओरडता, न धावता खाली बसायचं, तुकडा नाकापाशी न्यायचा, ती ‘सोड’ ऐकून तोंड उघडेल तेव्हा तो द्यायचा आणि मग मोज्याच्या जागी चावायचं तिचं हक्काचं काहीतरी ठेवायचं. यात शेवटचा भाग महत्त्वाचा आणि तोच लोक विसरतात. नुसता खाऊ दिला तर चलाख पिल्लू मोजे आणून आणून हप्ता वसूल करायला लागतं.

हक्काचं म्हणजे काय, याचाही शोध घ्यावा लागतो. ओलं फडकं पिळा देऊन फ्रीजरमध्ये गोठवलं की सुजलेल्या हिरड्यांना बरं वाटतं. फक्त धागे निघायला लागले की काढून घ्यायचं. गोठवलेलं जाड गाजर चालतं. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवला तर अर्धा तास शांतता. या खेळण्याची जन्मकथा मला फार आवडते. अमेरिकेत कोलोरॅडोमधले जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात झिजवत होता. मार्कहॅम फोक्सवॅगनची व्हॅन दुरुस्त करत असताना फ्रिट्झ सुट्या भागांच्या ढिगातून सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा घेऊन पळाला आणि तोच चावत बसला. त्यातून १९७६ मध्ये ‘काँग’ नावाची कंपनी उभी राहिली. शिकवायला निघालेल्या माणसाला कुत्र्यानं दाखवलं, की मला हे हवंय.

हाडांचं मात्र बजावून सांगते, कारण आमच्या भागात रविवारी मटण आणि सोमवारी शेजारपाजारची हाडं हा शिरस्ता आहे. शिजलेलं हाड फुटलं की त्याचे भाल्यासारखे टोकदार तुकडे होतात, ते घशात, आतड्यात रुततात. फार कडक हाडानं वरची मोठी दाढ चिरफाळते. नख दाबून खूण उमटत नाही इतकं कडक काहीही पिल्लाला देऊ नका, असं आमचे डॉक्टर सांगतात. आणि मे महिन्यात आंब्याची कोय. गोड, गुळगुळीत, गिळायला सोपी आणि आतड्यात अडकायला अगदी मापाची. डॉक्टरांनी पोट उघडून काढलेली एक कोय टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे, प्रत्येक नव्या पिल्लाच्या मालकाला दाखवायला. विजेच्या वायरी, बेदाणे, चॉकलेट, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, सुई ओवलेला दोरा, यांच्याबाबत शिकवणं वगैरे काही नाही. त्या वस्तू दीड फुटाच्या वरच हव्यात, बस.

या सगळ्यात एक दिवस प्रसंग तंबोऱ्यावर आला. सासूबाईंचा तंबोरा इथं मिरजेतच घडलेला, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा. गाणं सुटलं तरी त्या आठवड्यातून एकदा गवसणी काढून तारा लावतात. त्या दिवशी चहा घ्यायला उठल्या, तंबोरा सतरंजीवर आडवा होता. तारेचा एक बेसूर आवाज आला म्हणून सगळे धावलो. भोपळ्याला ओरखडाही नव्हता. सुपारीनं थेट घोडी गाठली होती, तारा जिच्यावरून जातात ती.

सतारमेकर गल्लीत तंबोरा नेला. कारागिरांनी घोडीवर बोट फिरवलं आणि दातांच्या खुणा मोजल्या. “वहिनी, ही हाडाची आहे,” ते म्हणाले. “उंटाचं हाड. पूर्वी सांबरशिंगाची करायचे. आपल्याला घोडी दिसते, तिला हाडच दिसणार.” मग त्यांनी आणखी एक सांगितलं, की त्यांच्या दुकानातली मांजर घोड्यांकडे ढुंकूनही बघत नाही पण कातड्याची वादी दिसली की सोडत नाही. तारांना झंकार देणारी जवारी नव्यानं काढावी लागली. आता तंबोरा भिंतीच्या खुंटीला असतो आणि सासूबाई तारा लावायला बसल्या की सुपारीपुढे आधी गाजर ठेवलं जातं. पहिल्या तारेबरोबर ती गाजराचा पहिला तुकडा मोडते. सासूबाई म्हणतात, लयीत आहे.

पक्के दात आले की सुटलो, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं होत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात दुसरी लाट येते आणि ती वर्ष-दीड वर्षापर्यंत टिकते. आता हिरड्या दुखत नसतात, पण जबड्यात बळ आलेलं असतं आणि अंगात न मावणारी ताकद. कंटाळा हे या वयातलं मोठं कारण. सकाळी कृष्णाघाटाच्या रस्त्यानं नुसतं भराभरा चालवून आणण्यापेक्षा प्रत्येक झुडूप, प्रत्येक खांब मनसोक्त हुंगू दिला तर सुपारी जास्त दमते, हे लक्षात आलं. नाकाला काम मिळालं की दातांना सुट्टी. काही कुत्री मात्र एकटी पडली की फक्त दाराची चौकट, खिडकीची जाळी ओरबाडतात, लाळ गाळतात, रडतात. तो कंटाळा नसतो, ती भीती असते. तिथं खेळणी पुरत नाहीत, एकटं राहायची सवय थोडी थोडी लावावी लागते.

घर बदललं ते निराळंच. चपलांना दार असलेलं कपाट आलं. भाची दप्तर खुंटीला लावते, तिच्या आईला जे आठ वर्षांत जमलं नव्हतं. माझा नवरा चष्मा डबीत ठेवतो. वायरी भिंतीला टोचून वर गेल्या. सुपारी सुधारली का आम्ही, याचा निकाल सासूबाईंनी सुपारीच्या बाजूनं दिला आहे.

सध्या तिच्या ताब्यात अधिकृतपणे पुठ्ठ्याचे खोके आहेत. फाडायचे, चिंध्या करायच्या, गिळायचे मात्र नाहीत, हे तिला छान जमतं. चटणी सुचवणाऱ्या काकू आता गल्लीभरचे कुरियरचे खोके गोळा करतात. परवा त्यांनी भिंतीवरून मिक्सरचा खोका खाली सोडला. “थर्मोकोल काढलाय गं, पिनाही काढल्यात, चिकटपट्टीसुद्धा सोलून टाकली,” त्या म्हणाल्या. “पण आमच्याकडे मुलीला बघायला पाहुणे आलेत. तिला म्हणावं, पाच वाजेपर्यंत जरा हळू फाड.”